संगमरवरी टेबल आणि आषाढातली लिंबे

नवे घर बांधले की त्यात काय काय हवे याची यादी आजकाल मुले करतात. आपण फक्त तुळशीवृंदावन कुठे येणार आणि धान्याच्या कोठ्या कुठे ठेवायच्या एवढेच विचारायचे. आमच्याकडेही तसेच झाले. उन्हाळी कांद्याला त्या साली बरा भाव मिळाला, घराचे छत पडले, आणि मुलाने जाहीर केले की जेवायला टेबल आणायचे, तेही संगमरवरी. मी म्हटले, पाटावर बसून जेवलो तर काय बिघडते? पण त्याच्या वडिलांचे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे माझे म्हणणे तिथेच संपले.

नगरला जाऊन टेबल पाहिले. पांढरेशुभ्र, त्यात राखाडी रेघा, आणि चकाकी अशी की वर लावलेला दिवा त्यात दिसावा. दुकानदार म्हणाला, "दगड आहे काकू, पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही." दगड म्हटल्यावर आपणही विश्वास ठेवतो. आपल्या घरातला पाटा सासूच्या सासूने वापरलेला असतो, त्याला तरी काय झाले?

टेबल चैत्रात आले. आषाढात लिंबे स्वस्त झाली. श्रीगोंदा-कर्जतकडच्या बागांचे लिंबू बाजारात आले की आमच्याकडे लोणच्याचा घाट असतोच. दोनशे लिंबे आणली. सूनबाईने एवढी मोठी स्वच्छ जागा पाहून ती त्या टेबलावरच चिरली, आणि मीही शेजारी बसून मीठ लावत होते हे आधीच कबूल करते. संध्याकाळी टेबल पुसले, तर जागोजागी निस्तेज ठिपके आणि गोल कडी. जणू कोणी ओली वाटी ठेवून उचलली आहे. पुसले तरी जाईनात. मी काय बोलले असेन ते तुम्ही ओळखले असेल. "जरा नीट घासत जा, नवी वस्तू आहे." ती काही बोलली नाही. रोज दुपारी सगळे आडवे झाले की ती टेबल घासायची. साबणाने घासले, भांड्यांच्या घासणीने घासले, मग कुठेतरी पाहून लिंबाच्या सालीवर सोडा घालून घासले. ठिपके होते ते पसरून निम्मे टेबल मलूल झाले.

पुढे न्हाणीघराची फरशी बसवायला मिस्त्री आला. त्याने पाणी पिता पिता टेबलाकडे पाहिले, तळहात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, हे डाग नाहीत. इथला दगड खाल्ला गेलाय. लिंबू सांडलं होतं का?"

हे सदर मी आज त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. डाग म्हणजे बाहेरचे काहीतरी दगडात शिरलेले असते. ते काढता येते, किंवा निदान फिके करता येते. आमच्या टेबलावरून मात्र वरचा चकाकणारा थर निघून गेला होता. जे गेले ते घासून परत कसे येणार? उलट घासण्याने अधिकच जाते. ज्या घरात संगमरवर आहे आणि सूनही आहे, त्या घरात हा फरक सासूला माहीत असलेला बरा.

आता हे असे का होते ते समजून घेऊ. शेतकऱ्याच्या घरात हे समजायला अवघड नाही. जमिनीत चुनखडी आहे का हे पाहायचे असेल तर मातीच्या नमुन्यावर अ‍ॅसिडचे थेंब टाकतात. चुनखडी असली तर माती फसफसते. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी रानांत ही फसफस दिसते. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता सोसून चुनखडीचे कण नव्याने घट्ट जुळले, की त्याचा संगमरवर होतो. रूप बदलले, तरी जात तीच राहिली. आंबट काहीही लागले की तो विरघळू लागतो. लिंबाचा रस तर आंबटात फारच तीव्र. चिंचेचा कोळ, टोमॅटो, दही, ताक, कैरी, कोकम, व्हिनेगर ही सगळी त्याच माळेतली. ताकाचा परिणाम लिंबापेक्षा सावकाश होतो, पण रात्रभर ताकाचा पेला तसाच राहिला तर सकाळी त्याचे कडे दिसणारच.

आपला पाटा-वरवंटा मात्र वेगळ्या जातीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरच्या थर पसरले, ते थिजून आपला काळा कातळ झाला. त्याला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात. हरिश्चंद्रगड त्याचा, नगरचा भुईकोट किल्ला त्याच दगडाचा, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ त्याचे, आणि जातेही त्याचेच. त्यात चुना नसल्यासारखाच. म्हणून चिंच-मिरचीची चटणी शंभर वर्षे वाटली तरी पाट्याला काही होत नाही. फक्त तो गुळगुळीत होतो आणि टाकी लावणारी बाई बोलवावी लागते. दुकानदार "दगड आहे" म्हणाला ते खरे होते, पण दगडांतही जाती असतात हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

संगमरवर आपल्या मातीतला नाहीच. जिल्ह्यात सर्वांत जास्त लोकांनी डोळे भरून पाहिलेला संगमरवर म्हणजे शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी ती घडवली आणि १९५४ च्या विजयादशमीला तिची स्थापना झाली. तो दगड इटलीहून समुद्रमार्गे आलेला. आपल्या घरी येतो तो बहुधा राजस्थानातला. मकराण्याचा संगमरवर सर्वांत नावाजलेला, ताजमहाल त्याचाच. गुजरातेतल्या अंबाजीकडूनही पांढरा दगड येतो. म्हणजे दूरचा पाहुणा आहे. त्याची खाण्यापिण्याची पथ्ये आधी विचारून घ्यायची.

तरी कुणाला टेबल घ्यायचेच असेल, तर घ्या. मी मोडता घालणार नाही. पण दुकानात जाताना एक लिंबू पिशवीत टाका. दुकानदार हसला तर हसू द्या. दगडाचा एखादा फुटका तुकडा मागून घ्या, किंवा टेबलाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, त्याला विचारून एक थेंब पिळा. पाच-दहा मिनिटांनी पुसा. तिथे बारीक बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज झाली, तर तो चुनखडीच्या घराण्यातला. काही पांढरे दगड डोलोमाईट जातीचे असतात, त्यांच्यावर परिणाम उशिरा दिसतो, म्हणून घाई करू नका. काहीच झाले नाही तर तो ग्रॅनाइट असेल, किंवा भट्टीतून निघालेली टाइल. ग्रॅनाइट स्वयंपाकघराला केव्हाही उत्तम. लिंबाला तो भीत नाही आणि साध्या सुरीचा ओरखडाही त्याला सहसा उठत नाही. संगमरवर त्यामानाने मऊ. लोखंडी खिळ्याने, सुरीच्या टोकाने, एवढेच काय, पातेल्याच्या बुडाला चिकटलेल्या वाळूच्या कणानेही त्यावर रेघ उठते.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुष्कळ जणींचा समज उलटा असतो. ओट्याचा काळा कडाप्पा, अंगणातली शहाबादी फरशी आणि कोटा हीदेखील चुनखडीचीच भावंडे आहेत. काळ्या ओट्यावर लिंबू पिळून झाले की पांढुरका ठिपका उमटतो तो याचमुळे. रंग काळा म्हणजे पाट्याची जात, असे नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. पाण्याचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटे गप्पा मारा. मग पुसून पाहा. थेंबाखालचा दगड गडद झाला असेल तर तो पाणी पितो, आणि जो पाणी पितो तो तेलही पिणार. असा दगड जेवणाच्या टेबलाला नको. तिसरी गोष्ट म्हणजे खालून हात फिरवून पाहा. पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर पाट पातळ किंवा कमजोर आहे. ते फसवणुकीचे लक्षण नव्हे, पण किंमत ठरवताना बोलायचा मुद्दा जरूर आहे. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहा. मडके घेताना आपण वाजवतो ना, तसेच. खणखणीत वाजला तर ठीक, एखाद्या जागी बद्द वाजला तर तिथे भेग किंवा भरलेली पोकळी असू शकते. आणि कडेकडे नीट पाहा. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. वर रेघा आणि कडेला एकसारखा बारीक रवा, असे असेल तर तो दगडाचा चुरा आणि राळ मिसळून केलेला बनावटी पाट. तो वाईट असतो असे मी म्हणत नाही. मात्र तापलेला तवा त्यावर ठेवलात तर कायमची खूण राहील.

चकाकी घ्यायची की नाही हाही विचार करा. मॅट, म्हणजे चकाकी न आणलेला गुळगुळीत दगड मिळतो. दुकानात तो गरीब दिसतो. पण ज्याला चकाकीच नाही त्याची चकाकी जाणार कशी? त्यावर लिंबाचे ठिपके पडले तरी फारसे डोळ्यांत भरत नाहीत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतली जुनी संगमरवरी टेबले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल, चहाच्या बशांनी आणि कोपरांनी घासून ती केव्हाच मंद झालेली असतात, आणि तशीच शोभतात.

वजनाचा हिशोब घरधन्याला वाचून दाखवा. अठरा मिलिमीटर जाडीचा पाट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. पाच फूट बाय तीन फुटांचे टेबल म्हणजे पंधरा चौरस फूट, म्हणजे नुसता वरचा दगड अडुसष्ट किलो. पन्नास किलोची कांद्याची गोणी त्यापुढे हलकी. त्याला काडीसारखे पाय चालणार नाहीत. चौकट भक्कम हवी, दगडाखाली पूर्ण लांबीची फळी किंवा जाड प्लायवूड हवे, आणि कडेने सहा इंचांपेक्षा जास्त दगड अधांतरी नको. त्या कडेवर कोणीतरी कधीतरी बसतेच. आमच्याकडे नातवंडे बसतात. दगड आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घाला, नाहीतर पावसाळ्यात लोखंडाचा गंज दगडात उतरतो, आणि त्याचा तांबूस डाग काढणे मिस्त्रीलाही जड जाते. पाट उचलायचा तर काच उचलतात तसा उभा धरून. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध चिरतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणणार असाल तर उभा, खाली-बाजूला गोधड्या लावून, आणि चालकाला दोनदा सांगून.

आता रोजची निगा. ती फार नाही, पण तिच्यात टाळायचेच जास्त आहे. पुसायला जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा मऊ तुकडा, कोमट पाणी आणि फार तर सौम्य साबणाचे दोन थेंब. मग साध्या पाण्याने पुन्हा पुसून कोरडे करायचे. राख, भांड्यांची पावडर, तारेची घासणी, लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड यांतले काहीही नाही. मोबाइलवर "दगड चमकवायचा घरगुती उपाय" म्हणून लिंबू-सोडा दाखवतात, तो पितळेच्या नळाला लावा, संगमरवराला नको. काही सांडले तर पुसताना पसरवू नका, आधी टिपून घ्या. आणि गरम पातेले अडणीवर. आपल्या घरात अडण्या असतातच, माळ्यावर पडलेल्या. त्या उतरवा.

तेलाचा डाग पडला तर घाबरू नका. हा खरा डाग आहे आणि तो ओढून काढता येतो. मुलतानी माती किंवा खाण्याचा सोडा पाण्यात थालीपिठाच्या पिठासारखा कालवा, डागावर बोटभर जाड थापा, वर प्लास्टिकचा कागद घालून कडा चिकटवा. एक दिवस तसेच ठेवा. मग कागद काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि लाकडी उलथन्याने हलके उचला. वाळताना तो तेल वर ओढून घेतो. एकदा केल्याने फिका होईल, दोन-तीनदा करावे लागेल. ताजमहालाचा पिवळेपणा घालवायलाही पुरातत्त्व खात्याने मुलतानी मातीचेच लेप अनेकदा दिले आहेत. शहाजहानच्या दगडाला जे चालले ते आपल्या टेबलाला चालायला हरकत नाही. चहाचा डाग पांढऱ्या दगडावर असेल तर पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तसाच लेप द्या. रंगीत दगडावर मात्र ते नको, रंग उडतो.

हळदीची एक गंमत आहे. हळद सांडली आणि त्यावर साबणाचे किंवा सोड्याचे पाणी पडले की ती लालभडक होते. पहिल्यांदा पाहणारीच्या पोटात गोळा येतो. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणामुळे. घाबरू नका, साध्या पाण्याने टिपत राहा. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो. टेबल हलवता येत नसेल तर दोन-चार दिवस खिडकी उघडी ठेवा.

दुकानात "सीलर" म्हणून एक द्रव मिळतो. तो दगडाची बारीक छिद्रे बुजवतो, त्यामुळे तेल-चहा लगेच आत शिरत नाही. लावून घ्यायला हरकत नाही, मात्र काही काळाने पुन्हा लावावा लागतो. पण तो लावला म्हणून लिंबाची भीती गेली असे कोणी सांगितले तर मानू नका. सीलर डाग अडवतो. आंबटाने चकाकी खाण्याचे थांबवत नाही.

टेबल नसलेल्या घरीही ही गोष्ट लागू आहे, कारण संगमरवरी देव्हारा आता गावोगाव आहे. देव्हाऱ्याशेजारीच बसून आपण चिंचेने ताम्हण-निरांजन घासतो, आणि तेच पाणी दगडावर ओघळते. पंचामृतातले दही तसेच. मग दोन वर्षांत देव्हाऱ्याची पायरी खरखरीत होते आणि आपण "माल खराब निघाला" म्हणतो. पितळ परसात नेऊन घासावे, अभिषेक ताम्हणात करावा, आणि तेलाच्या समईखाली बशी ठेवावी. तेवढ्याने देव्हारा टिकेल. शनिशिंगणापूरच्या काळ्या शिळेवर लोक तेल ओततात ते पाहून घरच्या पांढऱ्या दगडाची परीक्षा घेऊ नये.

संगमरवराची निंदाच केली असे नको. त्याचा एक गुण आपल्या स्वयंपाकात फार उपयोगी आहे. तो हाताला गार लागतो आणि गारच राहतो. संगमरवरी पोळपाटावर मऊ कणकेची पुरणपोळी लाटून पाहा, ती चिकटायचे प्रमाण कमी होते. तिथे आंबट काही येत नाही, म्हणून तो पोळपाट टिकतोही.

आमच्या टेबलाचे पुढे काय झाले ते राहिले. मिस्त्रीने यंत्राने बारीक कागद फिरवून सगळे टेबल एकसारखे मॅट करून दिले. दिवसभर लागला, आणि धूळ एवढी की आधी पडदे काढून ठेवावे लागले. तो गेल्यावर मी सूनबाईला म्हटले, "तुझ्या घासण्यात काही कमी नव्हतं. दगडच तसा होता." ती म्हणाली, "आई, मला वाटलं माझ्या हातालाच काही येत नाही." चार दिवस दुपारची झोप सोडून ती ते घासत होती, आणि मी आतल्या खोलीत पडून घासण्याचा आवाज ऐकत होते. यावर मी काय बोलणार होते? चहा टाकला, दोघींनी ओसरीवर बसून घेतला.

टेबल आता ओसरीवरच आहे. त्यावर नातवंडांचा अभ्यास होतो, दुधाच्या हिशोबाची वही असते, कांद्याच्या पट्ट्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर वरवंटा ठेवलेला असतो. जेवायला सागाच्या फळीचे साधे टेबल केले आहे. लिंबे सूनबाई बाभळीच्या पाटावर चिरते. यंदा अडीचशे होती.